खिडकी लावून तळलेलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पाव किसला. दिवस मावळायला आला होता. कौसा ओट्यावर पाय लांब करून बसली होती, पुढ्यात जुन्या पेपरवर किसणी आणि टोपलीत वाळलेले पाव. ते तिनं घरातच सावलीला वाळवले होते. उन्हात घातला तर पाव कडक होतो पण चव उडून जाते, असं तिचं म्हणणं. मी शेजारी बसून किसत होतो आणि नेहमीसारखा जोर लावत होतो.

"अवं, पीठ करताय का त्याचं? हलक्या हातानं घ्या. जाड पडला पायजे."

मी म्हणालो, पोटात जाऊन सगळं सारखंच होतं.

"तुम्हाला निसतं पोट हाय. जीभ द्यायची ऱ्हायलीच देवाची," ती म्हणाली आणि हसली. थोडे पाव उरले तेव्हा तिचा हात भरून आला. खांदा चोळत म्हणाली, ऱ्हाऊ द्या, उरलेलं उद्या किसू. पेपरची चार टोकं धरून चुरा आत घेऊन गेली.

उद्या ती नव्हती.

आता परत हंगाम लागलाय. उसाच्या ट्रॉल्या पाटसच्या कारखान्याकडं चालल्यात, मोठ्यानं गाणी लावून. रस्त्यावर टिपरं पडलेली असतात, शाळेची पोरं ती उचलून चघळत जातात. घोड नदीच्या कडेला गुऱ्हाळ पेटलंय आणि सकाळच्या थंडीत त्याचा गोड धूर थेट माझ्या अंथरुणापर्यंत येतो. वर्षभर मी बरा असतो. हा धूर आला की माझी मान खाली जाते. कारण गुऱ्हाळातनं ताजी काकवी आली की कौसाला कटलेट सुचायचं.

कटलेट म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं बटाट्याचं नव्हे. डुकराच्या मांसाचं, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं, जपानी लोक करतात तसं. हे एवढं लिहायला मला पेन दोनदा खाली ठेवावा लागला. आमच्या भावकीत कोंबडं चालतं, बकरं चालतं, पण ह्या जनावराचं नाव घरात घेत नाहीत. गावात डुकरं पाळणारी घरं आहेत. त्यांच्या दारचं पाणी मी आयुष्यात प्यालो नाही. आणि त्याच जनावराचं मांस दर हंगामाला चवीनं खाल्लं. ह्यातली जास्त लाज कशाची धरावी ते मला अजून समजलेलं नाही.

हे आमच्या घरात आलं शिरूरहून. एका हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडं कामाला होतो. एका कंपनीनं शिरूरात बंगला भाड्यानं घेतला होता. नवीन मशिनी बसवायला बाहेरची माणसं यायची, ती तिथं उतरायची. मी गेटवर वॉचमन, कौसा आत स्वयंपाकाला. आधी आपल्याकडचेच इंजिनियर होते, वरण-भात-भाजीवर भागत होतं. मग जपानचा एक म्हातारा फिटर आला. नाव मोरी. कौसा म्हणाली, ह्या नावानं मी माणसाला हाक मारणार न्हाई, आपण मोरीत भांडी घासतो. ती त्याला जपानी दादा म्हणायची. तोही त्या हाकेला वळून बघायचा.

एका रविवारी जपानी दादा स्वतः पुण्याहून मांस घेऊन आला आणि बाह्या वर करून स्वयंपाकघरात शिरला. कौसा पदर नाकाला लावून दारात उभी राहिली. त्याची भाषा हिला येत नाही, हिची त्याला येत नाही. त्यानं अंगठा दाखवला, म्हणजे एवढी जाड कापायची. चरबीची कड तशीच ठेवायची, पण तिला सुरीनं मधे मधे चिरा द्यायच्या, नाहीतर तेलात पडल्यावर तुकडा वाटीसारखा वाकतो. मग सुरीच्या पाठीनं ठोकायचं. मीठ, मिरी. आधी कोरडा मैदा लावून झटकायचा, मग फेटलेलं अंडं, मग पावाचा चुरा. चुरा दाबायचा नाही, नुसता ओंजळीनं वर टाकायचा. तेलात चुऱ्याचा एक कण सोडून बघायचा, तो खाली जाऊन लगेच वर आला की तेल झालं. तळल्यावर तुकडे ताटात आडवे टाकायचे नाहीत, तारेच्या जाळीवर उभे टेकवायचे. "आपण कडब्याच्या पेंढ्या उभ्या करतो ना, तशा," कौसानं मला नंतर सांगितलं. तोवर तिचा पदर नाकावरनं कधी सुटला ते तिलाही कळलं नव्हतं. कोबी तर तिनं त्याच्यापेक्षा बारीक चिरला, शेवयांसारखा, आणि गार पाण्यात सोडला. जपानी दादानं तो चिमटीत धरून उजेडात बघितला आणि सुरी तिच्या हातात देऊन बाजूला झाला.

पहिला तुकडा त्यानं कापून तिच्याच पुढं केला. नाही कसं म्हणणार. गेटवर येऊन तिनं मला सांगितलं, "मऊ हाय वं. कोंबडीपेक्षा मऊ."

मी थुंकलो. बाटलीस, म्हणालो. डोक्यावरनं पाणी घे, म्हणालो. पुढच्या रविवारी तळणाचा वास गेटच्या खोपटापर्यंत आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ती कोबीच्या पानाखाली झाकून एक कटलेट घेऊन आली. मी रस्त्याकडं पाठ करून खाल्लं. खाऊन झाल्यावर बोटं चाटली आणि तिला म्हणालो, गावाकडं ह्यातलं अक्षर बोलायचं नाही.

त्या म्हाताऱ्याची एक सवय होती. जेवायला बसला की ताटापुढं हात जोडायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. कौसाला वाटलं देवाचं नाव घेतो. तिनं इंजिनियरला विचारायला लावलं. तर तो म्हणे, देव नाही, हे अन्न जिवंत होतं त्याला आणि ज्यानं रांधलं त्याला, दोघांना हात जोडतो. ती हे दोन दिवस घोळत होती. मग मला म्हणाली, आपल्यात वाढणारीला कुनी हात जोडतं का? मी म्हणालो, हात जोडायला तू काय देवी लागून गेलीस? तेव्हा ते मला मोठं हुशारीचं बोलणं वाटलं होतं.

कटलेटवर ओतायला त्यानं बाटलीतनं काळसर आंबटगोड सॉस आणला होता. ती बाटली संपली. कौसा माझ्यामागं लागली की गावाकडनं काकवी मागवा. चिंचेचा कोळ, काकवी, टोमॅटो, ठेचलेला लसूण, असं आटवून तिनं सॉस केला. जपानी दादानं सगळं खाल्लं. शेवटी कोबीच्या पानानं ताट पुसून घेतलं आणि रिकामी बाटली तिच्यापुढं ठेवली, भरून द्या म्हणून. त्या रात्री ती जेवलीच नाही. पोट भरलंय म्हणाली.

मशिनी बसल्या, माणसं गेली, बंगला सोडला. जाताना त्यानं ती तारेची जाळी तिला दिली. आम्ही इनामगावला परत आलो ते ती जाळी गोधडीत गुंडाळून. कुणी विचारलं तर पापड भाजायची, असं मीच ठरवलं.

त्यानंतर दर हंगामाला एकदा. जास्त नाही. मांस दौंडला मिळतं. रेल्वेचं गाव, सगळ्या जातीधर्माची माणसं, कुणी कुणाच्या पिशवीत डोकावत नाही. मी मोपेडवर तिला भीमेचा पूल ओलांडून घेऊन जायचो. मांसाच्या दुकानाच्या समोरच्या अंगाला एक टायरचं दुकान आहे. मी गाडी तिथं लावायचो आणि टायरकडं बघत उभा राहायचो. माझ्या मोपेडचे टायर गुळगुळीत झाले तरी मी कधी बदलले नाहीत, पण दर हंगामाला त्या दुकानासमोर उभा राहून नवीन टायर बघितले. ती एकटी रस्ता ओलांडून आत जायची. काळी पिशवी घेऊन यायची, पदराखाली धरून मागं बसायची. वाटेत बेकरीतनं शिळा पाव. तिथं मात्र मी उतरायचो. पावाला कोण काय म्हणणार.

घरी आलं की खिडकी लागायची. स्वयंपाकघराला एकच खिडकी, थोरल्या भावाच्या दाराकडं उघडणारी. भाऊ गेला, वहिनी तिथं राहते. कौसा खिडकी लावायची, कडी घालायची, फटीत फडकं कोंबायची, आणि त्या धुरात घामाघूम होऊन तळायची. मी बाहेर ओट्यावर बसायचो. कुणी आलं तर खोकायचं, असं ठरलेलं. शिरूरला पगार घेऊन दुसऱ्याचं दार राखलं, गावाकडं फुकट स्वतःचं. कुणी वास विचारलाच तर सोयाबीन तळतोय म्हणायचं. मग तिनं आत बोलवलं की जायचं आणि गरम गरम खायचं. तेव्हा मात्र मला काही वाटायचं नाही. कुरकुर आवाज व्हायचा, आत मऊ, वर काकवीचा सॉस. ती माझ्या तोंडाकडं बघायची. मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारायची. मी मान हलवायचो.

आमच्या गावाशेजारच्या पांढरीच्या टेकाडावर मी पोरगा असताना पुण्याहून शिकलेली माणसं खोदायला आली होती. हजारो वर्षांमागची घरं निघाली, चुली निघाल्या, रांजण निघाले. त्या लोकांनी काय काय खाल्लं ते म्हणे चुलीजवळच्या हाडकांवरून कळतं. कौसाला ह्याचं हसू यायचं. ती म्हणायची, त्यांनी उघड्यावर खाल्लं म्हणून कळलं. आपलं कुणाला काय कळणार, तुम्ही तर हाडूकसुद्धा पुरून टाकता. खरंच पुरायचो मी.

आणि तेच मी त्या दिवशी केलं.

पाव किसला त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना मी तिला हाक मारली. एरवी ती माझ्या आधी उठलेली असायची. हात लावला तर गार. मला कळलं. माणूस गेलेलं कळतं, त्याला डॉक्टर लागत नाही. पहिलं काय डोक्यात आलं? फ्रिजमधला डबा. आदल्या दिवशी दौंडहून आणलेलं मांस तिनं मीठमिरी लावून डब्यात ठेवलं होतं, खिडकीही फडकं कोंबून लावून ठेवली होती. आता गाव गोळा होणार, बाया घरात शिरणार, कुणीतरी दुधासाठी फ्रिज उघडणार. मी डबा घेतला, खोरं घेतलं आणि उसाच्या बांधाला जाऊन खड्डा काढला. कौसा घरात एकटी पडली होती आणि मी बांधावर माती ओढत होतो. डबा विसळला, हात धुतले, मग वहिनीच्या दारात जाऊन हंबरडा फोडला. रडू खोटं नव्हतं. पण त्याचा नंबर दुसरा लागला, हे मी कसं विसरू.

दुपारी तिला स्मशानात पोचवून आलो. माणसं अंगणात बसली होती. तेवढ्यात कुत्र्यानं बांधावरचं उकरून काढलं आणि तोंडात धरून रस्त्यानं निघालं. मी बसल्या जागेवरनं उठलो आणि दगड घेऊन त्याच्यामागं पळालो. चारचौघांनी मला धरून आणलं. बिचाऱ्याचं डोकं फिरलंय दुःखानं, असं म्हणाले. मी त्यांना तसंच समजू दिलं.

वर्षभरात एकदा मी कटलेट करायला बसलो. कोंबडीचं, म्हणजे भ्यायला नको. तरी खिडकी उघडली नाही, तिनं लावलेली तशीच होती. मैदा लावायचा विसरलो, सगळा चुरा तेलात उतरला आणि जळून काळा झाला, आणि तुकडा नागडा तरंगत राहिला. कढई घासताना मला कळलं की इतकी वर्षं मी ओट्यावर बसलो होतो, एकदाही आत जाऊन बघितलं नाही की ती कसं करते. वर लिहिलेलं सगळं तिनं सांगितलेलं आहे. मी बघितलेलं काहीच नाही.

परवा वर्षश्राद्ध झालं. सुरेखा, आमची लेक, आदल्या दिवशीच आली होती. तिनं पीठ मळता मळता विचारलं, "आबा, ताटात आईच्या आवडीचं काय ठेवायचं?"

वहिनी तिथंच डाळ निवडत होती. मी म्हणालो, पुरणपोळी ठेव.

वहिनीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. पुन्हा डाळीत घातली.

ताट ठेवलं, माणसं जेवून गेली, सुरेखाही जावयाबरोबर निघाली. वहिनी मागं भांडी आवरायला थांबली. माझ्यापेक्षा मोठी आहे, गुडघे दुखतात, पण बसून घासत होती. मी पाणी घालत होतो. राखेनं पातेलं घासता घासता ती म्हणाली, "भाऊजी, कौसाला पुरण घशाखाली उतरत नव्हतं. तुम्हाला ठावं न्हाई?"

मी म्हणालो, लोकांसमोर दुसरं काय सांगणार.

"लोकांचं कशाला सांगताय. मला देत व्हती की ती तुमच्या शिरूरचं ते. पावातलं. दर हंगामाला. परसदारच्या भिंतीवरनं ताटली द्यायची."

मी विचारलं, सोयाबीनचं म्हणून?

"सोयाबीन," वहिनी हसली. "मी काय लहान हाय? पहिल्याच वर्षी सांगितलं तिनं कशाचं हाय ते. म्हणाली, आक्का, खायचं आसलं तर खा, नसलं तर कुत्र्याला घाल, पर लबाडी करून तुला घालणार न्हाई. मी खाल्लं. ग्वाड लागलं."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मग खिडकी कशाला लावायची ती, मी म्हणालो, तुझ्याच दाराकडं तर उघडते.

वहिनीनं पातेलं पालथं घातलं. "तुमच्यासाठी लावायची, भाऊजी. ती म्हणायची, ह्यांना लाज वाटती, त्यांना सुखानं दोन घास खाऊ दे."

मी तिचे हात धुवायला पाणी घातलं, ती भिंतीला धरून उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोपेड काढली. पुलावर धुकं होतं, नदीचं पाणी दिसत नव्हतं. दौंडात शिरलो आणि हाताच्या सवयीनं गाडी टायरच्या दुकानासमोरच लागली. तिथंच उभा राहिलो, किती वेळ ते सांगत नाही. मग रस्ता ओलांडला.

आत दोन गिऱ्हाइकं होती. दुकानदार पोटसुट्या, मधल्या वयाचा, एप्रन बांधलेला. "बोला काका," म्हणाला. पुलापासून घोकत आणलेलं मी बोललो, आणि पाहिजे त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोललो.

"डुकराचं पायजे. कटलेटला. अंगठ्याएवढं जाड काप, आन् चरबीची कड काढू नको."

त्याची सुरी थांबली. "असं तर इनामगावच्या काकू घेतात," तो म्हणाला. "कुठं हायत काकू? लय दिवस झाले."

मी सांगितलं. त्यानं सुरी ठोकळ्यावर ठेवली आणि दोन्ही हात एप्रनला पुसत राहिला. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "म्हंजी तुम्ही ते काका ना, टायरच्या दुकानासमोर उभं ऱ्हायचे ते? काकू म्हणायच्या, आमचे मालक गाडी राखतात, त्यांना गर्दीत यायला आवडत न्हाई."

त्या दुकानात कधीच गर्दी नसते. मी बघितलं होतं, समोरूनच तर बघत होतो.

"व्हय," मी म्हणालो. "तोच मी."

त्यानं मन लावून कापलं. कडेची चरबी ठेवली. कागदात गुंडाळून काळी पिशवी ओढली, तेव्हा मी म्हणालो, काळी नको, पांढरी दे. ती मोपेडच्या हँडलला अडकवली. बेकरीतनं शिळा पाव मागून घेतला. इनामगावात शिरताना मागच्या आळीनं जाता आलं असतं. पारावरनं गेलो. कुणी पिशवीकडं बघितलं का, ते मी बघितलं नाही.

घरी येऊन आधी खिडकी उघडली. कडी गंजली होती, वरवंट्यानं ठोकावी लागली. फटीतलं फडकं अजून तिनं कोंबलेलंच होतं. ते घडी करून तिच्या कपड्यांच्या पेटीत ठेवलं. मग ओट्यावर पेपर पसरला, किसणी घेतली आणि पाव किसायला बसलो. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, "आबा, काय चाललंय?"

"डुकराच्या कटलेटला पाव किसतोय," मी म्हणालो.

तो थबकला, हसावं का नाही ते त्याला कळेना, आणि पुढं गेला. माझी कानशिलं तापली. लाज गेली असं काही नाही. पलीकडं उघड्या खिडकीतनं वहिनीचं दार दिसत होतं.

मी हलक्या हातानं किसत होतो. जोर लावला नाही. पेपरवर बघितलं तर चुरा तरीही बारीकच पडला होता.